ड्रॅगनच्या बागेला दिवा कोणता?

सोनारी म्हटलं की लोकांना काळभैरवनाथ आठवतो आणि देवळाभोवतीची माकडं आठवतात. मी इथे राहतो आणि शेतातल्या दिव्यांची कामं करतो. आमचा परंडा तालुका ज्वारी-उसाचा. सांगली-सोलापूरच्या कमी पाण्याच्या पट्ट्यात रुजलेलं ड्रॅगन फ्रूट बघून आमच्या भागातलेही शेतकरी विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा दिवा घेऊ?

आधी दिवा कशासाठी हवा, ते ठरवावं लागतं. ड्रॅगनची मुख्य फळं जून ते नोव्हेंबरात येतात. पुढे दिवस लहान होतात, कळी सुटायची थांबते आणि नेमका तेव्हाच बाजारात चांगला भाव असतो. आपल्या अक्षांशावर डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा, तर जूनचा सव्वातेरा तासांचा. झाड मोजतं ती रात्र. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं की दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं; रात्रीची लांबी निर्णायक असल्याचं पुढच्या संशोधनात कळलं. म्हणून मध्यरात्री चार तास उजेड पाडला की लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि ड्रॅगनला उन्हाळा आल्यासारखं वाटतं. व्हिएतनामचे बागायतदार साध्या पिवळ्या बल्बवर हे वर्षानुवर्षं करत आले. आता त्या बल्बची जागा एलईडीने घेतली आहे.

हा उजेड झाडाचं अन्न नव्हे, निरोप आहे. निरोप ओळखणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. ते 660 नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल उजेडाला जास्तीत जास्त प्रतिसाद देतं. म्हणून बागेसाठी मी 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर किंवा लाल मिसळलेला दिवा सांगतो. 6500 केल्विनचा पांढराशुभ्र दिवा डोळ्याला जास्त लख्ख वाटतो, पण त्यात लाल कमी असतो आणि निळ्यामुळे किडेही जास्त येतात. मोबाईलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपवर विसंबून लोक इथेच फसतात. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. 660 चा लाल उजेड आपल्याला हिरव्याच्या जेमतेम सहा टक्के जाणवतो, म्हणजे झाडाला पुरेसा असलेला दिवाही मोबाईलवर मंद दिसतो.

बंद खोलीतल्या किंवा तंबूतल्या रोपांचं गणित अगदी वेगळं. तिथे ऊन नसतं, म्हणजे दिवा हेच अन्न. मोजायचे मायक्रोमोल: दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर पडणारे प्रकाशकण. लेट्यूससारख्या पालेभाजीला 200 मायक्रोमोल सोळा तास दिले, तर दिवसाला साडेअकरा मोल होतात, तेवढं चालतं. चांगला दिवा एका ज्यूलमागे अडीच मायक्रोमोल देतो, म्हणजे चौरस मीटरला 80 वॅट आणि रोज सव्वा युनिटच्या वर वीज. आपल्या उन्हाळी उन्हात हेच चाळीस मोलांच्या पुढे फुकट मिळतं. त्यामुळे आमच्या भागात पालेभाजी खोलीत पिकवायचा सल्ला मी कुणालाही देत नाही. रोपवाटिका किंवा केशरासारखं महागडं पीक असेल, तरच बोलावं.

ऑनलाईन मिळणारे तंबू-दिव्यांचे संच परदेशातल्या गांजाच्या लागवडीमुळे वाढले. गांजा हे शेवंतीसारखं लांब रात्रीत फुलणारं झाड, म्हणजे ड्रॅगनच्या उलटं; तिथले अठरा तास-बारा तास उजेडाचे हिशेब आपल्या बागेला लागू नाहीत. आपल्याकडे 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम 20 खाली गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्या संचांकडून एकच धडा घ्यावा: खोक्यावर 1000 वॅट लिहिलेला दिवा प्रत्यक्षात शंभरच वॅट खेचतो, असं बरेचदा आढळतं. प्लगमध्ये वॅटमीटर लावून बघावं, मगच पैसे द्यावेत.

बागेत बल्बचं होल्डरच सगळ्यात आधी दगा देतं. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येऊन होल्डरमध्ये शिरतं. म्हणून होल्डरच्या आधी वायरीला खाली झोल द्यायचा, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. आयपी 65 चा शिक्का असलेला दिवा घ्यावा, जीआय तारेवर पक्का बांधावा, साधारण चार खांबांच्या मध्ये एक. शेतीच्या वाहिनीवर वीज पाळीने येते, तेव्हा टायमरच्या वेळा पाळीशी जुळवाव्या लागतात. व्होल्टेजचे झटके येत असतील तर सर्ज प्रोटेक्टरचे पैसे वाचवू नयेत. बल्ब जळतात ते बहुधा त्याच कारणाने.

कळी सुटायला ऊबही लागते. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत रात्रभर दिवे जाळूनही काही शेतकरी नाराज होतात, कारण झाडाला निरोप पोहोचला तरी ते फुलायला तयार नसतं. त्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात हंगाम लांबवण्यासाठी आणि थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत लवकर सुरू करण्यासाठी दिवे लावावेत. पहिल्या वर्षी सगळ्या बागेत नको. दोन ओळींना दिवे लावा, मध्ये चार ओळी मोकळ्या सोडून पुढची ओळ अंधारात ठेवा, आणि दोन्हीकडच्या कळ्या मोजून वीजबिलाशी ताडून बघा.