सफारीचा निबंध, यजमानाच्या बाजूने

'मी केलेली जंगल सफारी' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मुलांना दिलेला आहे. पहाटे उठलो, जीपमध्ये बसलो, हरणं दिसली, मग वाघ दिसला, खूप मजा आली. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एकाही मुलाने अजून जंगल सफारी केलेली नाही, तरी सगळ्यांच्या निबंधात वाघ हमखास दिसतो! म्हणून यंदा हा विषय जरा उलटा करून घेतला.

सुरुवात शब्दापासून केली. 'सफारी' हा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ प्रवास. स्वाहिलीत तो अरबीतून आला, आणि मराठीतली 'सफर' पण मूळची अरबीच, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेली. म्हणजे दोघी बहिणी. एकाने लगेच विचारलं, "मगे बाई, सिंदबादच्या सफरी म्हणजे पण सफारीच?" हो, सफारीच. जनावरं बघायला जाणं हा अर्थ नंतर चिकटला.

मग राहायच्या जागांकडे वळलो. केनियात आबरडेअरच्या जंगलात 1932 मध्ये 'ट्रीटॉप्स' नावाचं लॉज सुरू झालं, झाडावर बांधलेलं. पाहुण्यांनी रात्रभर वर बसायचं आणि खाली पाण्यावर येणारे हत्ती, गेंडे बघायचे. फेब्रुवारी 1952 मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होती. त्याच रात्री तिकडे तिचे वडील वारले आणि ती राणी झाली. मुलांना राणीपेक्षा झाडात जास्त रस. "बाई, म्हणजे मचाण!" रानडुकरं आणि माकडं राखायला शेतात माळा बांधलेला यांनी पाहिलेला असतो, काही जण आजोबांबरोबर त्यावर झोपलेतसुद्धा. लॉज म्हणजे काय हे मला वेगळं समजवावंच लागलं नाही.

केनियाच्या मसाई मारा अभयारण्याभोवतीची बरीच जमीन मसाई लोकांची आहे. गुरं पाळणारी माणसं. तिथे अनेक कुटुंबं आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटकांच्या कॅम्पना भाड्याने देतात. भाडं घराला मिळतं, गुरं कुठे आणि कधी चारायची ते ठरवून घेतलं जातं, आणि किती जमिनीमागे किती तंबू याला मर्यादा असते. एवढं सांगून मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : पाहुणा प्राणी बघायला येतो, तेव्हा तो कोणाच्या घराजवळ झोपतो?

वर्ग थोडा वेळ गप्प. मग एक हात वर आला. "आमच्याच घरात झोपता."

खरी गोष्ट आहे. आपला सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याच्या दहा वर्षं आधी, 1987 मध्ये, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला, सुमारे 29 चौरस किलोमीटर. आपण अभयारण्याच्या दारात राहतो हे वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ती मासेमारी करणाऱ्या घरांतली, आणि त्यांच्या घरात हा शब्द कपाळाला आठी घालूनच उच्चारला जातो. जाळं टाकायला बंदी येईल ही भीती आजोबांपासून चालत आलीय. घरी जे बोलतात ते वर्गात बोलू दिलं. अभयारण्य चांगलं की वाईट असा निकाल लावायला गेले नाही. चौथीच्या मुलाला एका तासात सुटेल असा तो प्रश्न नाही.

मग निबंध दिला : 'आमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा'.

एका मुलीने लिहिलं (तिच्या परवानगीने इथे देतेय) : "दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्याकडे पावणे येतात. आतली खोली एसीची आहे, ती पावण्यांची. आम्ही पडवीत झोपतो. आई पहाटे चारला उठून घावणे करते. पावणे विचारतात डॉल्फिन दिसणार का. बाबा म्हणतात दिसणार. दिसला नाही तर बाबा त्या दिवशी जेवताना बोलत नाहीत."

दुसऱ्या एकाने लिहिलं की आजोबांच्या माडाच्या बागेत आता दुसऱ्यांचं रिसॉर्ट आहे, आणि बाबा तिथेच गेटवर असतात. शेवटचं वाक्य होतं, "आम्हाला आत सोडतात, पण पाण्यात उतरू देत नाहीत." पाणी म्हणजे तरणतलाव. यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. मी बरोबरची खूण केली आणि वही बाजूला ठेवली.

तारकर्ली, देवबाग पट्ट्यातले पालक हे वाचत असतील तर सांगते, घरगुती राहण्याच्या सोयीच्या मी बाजूची आहे. खोली भाड्याने जाते पण जमीन घरातच राहते, हा फरक मोठा आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासव महोत्सवाला येणारे लोक गावातल्या घरांतच उतरतात, घरचं जेवण जेवतात आणि कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. वेंगुर्ल्याला 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला मांडवीच्या खाडीत स्वतः होडी वल्हवून कांदळवन सफारी घडवतात, झाडं ओळखायला शिकवतात. ही दोन्ही उदाहरणं वर्गात सांगितली. मुलींना दुसरं जास्त आवडलं. (बनाना राइडपेक्षा मलासुद्धा!)

पण सीझन परीक्षेच्या तोंडावरच येतो. सलग सुट्टी लागून आली की गाड्या सुरू, आणि मार्च-एप्रिलमध्ये पडवीत अभ्यास म्हणजे काय ते पाहायचं असेल तर संध्याकाळी एखाद्या घरी जाऊन बघा. एका वडिलांशी मी या विषयावर बोलले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, सीझन चार म्हयन्यांचो, हप्तो बारा म्हयन्यांचो." बँकेचं कर्ज काढून खोल्या बांधलेल्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोली सोडा असं मी म्हणूच शकत नाही. एवढंच मागितलं की पाहुणे असतानाही घरातला एक कोपरा, एक बल्ब आणि संध्याकाळचा दीड तास पोरीचा. तेवढ्या वेळात तिला पाण्याच्या बाटल्या द्यायला पाठवायचं नाही. ते हो म्हणाले. पाळलं जातंय का ते तिच्या गृहपाठावरून मला कळतं. आठवड्यातले चारेक दिवस पाळतात.

ज्या शिक्षकांना हा पाठ घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडं. किनाऱ्यावर नसलात तरी चालेल. ताडोब्याजवळ मोहर्लीच्या बाजूला असाल तर तिथली मुलं जीप आणि गाईड घरातूनच ओळखतात, महाबळेश्वरला घोडेवाल्यांची मुलं वर्गात असतील. निबंधाला दोन तासिका ठेवा, पहिली नुसती बोलण्याची. बोलताना मालवणी, झाडीबोली जी असेल ती येऊ द्या. आणि तपासताना 'पावणे'चं 'पाहुणे' करायचं का, हा प्रश्न येणारच. बोलणं अवतरणात असेल तिथे मी तसंच ठेवते, बाकी ठिकाणी पेन्सिलने वर प्रमाण शब्द लिहिते, खालचा खोडत नाही. घावण्याला मात्र प्रमाण शब्द शोधत बसू नका.