कनौजचे अत्तर आणि माणसाची त्वचा

कानपूरहून फरुखाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कानपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर कनौज लागते. इतिहासाच्या पुस्तकातून ज्याने हे नाव वाचले आहे, त्याची स्थानकावर उतरताच थोडी निराशा होते. सातव्या शतकात हर्षवर्धनाने जिथून उत्तर भारताचा कारभार पाहिला, जिथल्या वैभवाचे वर्णन चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने लिहून ठेवले, ते कान्यकुब्ज हेच, हे सांगणारी एकही भव्य वास्तू दृष्टीस पडत नाही. अरुंद गल्ल्या, विटांची जुनी घरे, बटाट्याने भरलेल्या गाड्या, असे हे गाव. १९९७ साली ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. गंगाही आता गावापासून दूर सरकली आहे. परंतु बाजारात शिरल्यावर गाव आपली ओळख पटवू लागते, आणि ती ओळख डोळ्यांना नव्हे, नाकाला पटते. एका वळणावर गुलाब, दुसऱ्यावर ओला वाळा, तिसऱ्यावर जळत्या लाकडाचा धूर आणि त्यातच मिसळलेला चंदनाचा स्निग्ध वास.

अत्तरगुलाबाशिवाय आपल्याकडे कोणता समारंभ पुरा होतो? हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीच्या हातावर अत्तर लावणे, दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर कानात अत्तराचा फाया ठेवणे, या गोष्टी मराठी माणूस इंदूरला असो की हैदराबादला, सोडत नाही. हे अत्तर कुठे होते आणि कसे होते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. आम्हांलाही ती करण्याचे कारण घडले ते एका लग्नामुळे. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर इंदूरचे. धाकट्या बंधूचे लग्न वैशाखात ठरले होते, आणि पाहुण्यांच्या हाताला लावायचे अत्तर आपणच आणायचे असे त्यांनी परस्पर कबूल करून टाकले होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात होती. त्यांचे वडील हिवाळ्यात ‘हिना’ लावीत. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. तो वास पुन्हा कुठे मिळतो का, हे त्यांना पाहावयाचे होते. दिल्लीच्या दोन-तीन दुकानांत ‘हिना’ या नावाच्या कुप्या हुंगून त्यांनी ‘हे नव्हे’ म्हणून परत केल्या होत्या.

फाल्गुनातले दिवस होते. गुलाबाचा हंगाम ऐन भरात होता. ज्या कारखान्यात आम्ही गेलो त्याला कारखाना म्हणणे धाडसाचेच. मातीच्या लांबलचक भट्टीवर तांब्याच्या डेगा ओळीने मांडलेल्या. पहाटे तोडलेली फुले शेतकऱ्यांनी गाठोड्यांतून आणून टाकली होती. मोठ्या डेगेत शंभर किलोपर्यंत फुले बसतात. त्यांवर पाणी ओतून ‘सरपोस’ म्हणजे झाकण ठेवतात आणि कापूस कालवलेल्या चिकणमातीने त्याची फट लिंपून टाकतात. झाकणातून बांबूची पोकळ नळी निघते. तिला ‘चोंगा’ म्हणतात. ती उतरत जाते शेजारच्या पाण्याच्या हौदात बसविलेल्या तांब्याच्या लांब मानेच्या भांड्यात. हा ‘भपका’. भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांची वाफ नळीवाटे भपक्यात उतरते, थंड होते आणि तिच्यातला सुगंध चंदनतेल आपल्यात ओढून घेते.

या सगळ्या खटाटोपात ना उष्णतामापक ना घड्याळ. डेगेवरचा कारागीर झाकणाला कान लावून आतला आवाज ऐकतो, भपक्याभोवतीच्या पाण्यात हात घालून ऊब पाहतो आणि एखादे लाकूड आत सारतो किंवा बाहेर ओढतो. जाळ जास्त झाला तर फुले करपतात आणि सारे अत्तर धुरकट होते. एका दिवसात काम संपत नाही. भपका निवला की तळाचे पाणी काढून टाकावयाचे, तेल तेच ठेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या फुलांची वाफ त्यातच उतरवावयाची. असे पंधरा-वीस दिवस चालते, तेव्हा ते तेल अत्तर या पदवीला पोहोचते. यात एक शास्त्रही दडलेले आहे. गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक पाण्यात सहज विरघळतो. नुसते गुलाबतेल काढताना तो बराचसा गुलाबपाण्यात निघून जातो. भपक्यातले चंदनतेल त्यातला काही भाग धरून ठेवते. कनौजच्या कारागिरांनी हे रसायनशास्त्राच्या आधाराने ठरविले नाही, पण ठरविले अचूक.

कारखान्याचे वृद्ध मालक, ज्यांना सारे ‘बडे मियाँ’ म्हणत, आम्हांला दुकानाच्या बैठकीवर घेऊन गेले. सौ.नी सवयीप्रमाणे कुपी उघडून नाकाशी नेली. त्यांनी ती हलकेच काढून घेतली. “बहेनजी, अत्तर कुपीत झोपलेले असते. कुपी हुंगून अत्तर घेणे म्हणजे झोपलेल्या माणसाशी सोयरीक जुळविणे.” मग त्यांनी काचेच्या काडीने एकेक थेंब लावला. डाव्या मनगटावर मातीचे अत्तर, उजव्या मनगटावर गुलाब, उजव्या कोपराच्या खळगीत वाळा, डाव्या कोपराच्या खळगीत हिना. जे माझ्या हातांना तेच सौ.च्या हातांना, आणि तेच चार कागदाच्या पट्ट्यांना. डाव्या तळहाताच्या मागे मात्र दोघांच्याही एक पाचवा थेंब पडला. तो बाजारातला स्वस्त ‘गुलाब’ होता. “मनगटे एकमेकांवर घासू नका. आता जा, गाव पाहा, आणि संध्याकाळी सांगा काय घेणार ते.” अकरा वाजले होते. गिऱ्हाईक हातचे सोडून त्याला दिवसभर फिरायला धाडणारा हा पहिलाच दुकानदार आमच्या पाहण्यात आला.

सुगंधाच्या व्यवसायात पाश्चात्य तज्ज्ञ वासाचे तीन टप्पे मानतात आणि त्यांना संगीतातल्या स्वरांची नावे देतात. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला अशा शब्दांशी रोज झुंजावे लागते. आम्ही आपले त्यांना आरंभगंध, मध्यगंध आणि तळगंध म्हणतो. कल्पना साधी आहे. सुगंधी द्रव्य हे एक नसून अनेक रेणूंचे मिश्रण असते. त्यांतले हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. चंदनतेलातल्या सँटॅलॉलचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या घरात आहे, म्हणून चंदन सर्वांत शेवटी निघून जाते आणि जाताना हलक्या सोबत्यांनाही थोडे रोखून धरते. विलायती सुगंधात मद्यार्क असतो. तो भर्रकन उडतो आणि पहिल्याच क्षणी वास दरवळतो. अत्तरात मद्यार्क नसतो. ते सावकाश उमलते, आणि त्याला उमलविते ती त्वचेची ऊब. मनगटाच्या त्वचेचे तापमान बत्तीस-तेहतीस अंशांच्या आसपास असते. कागदाला स्वतःची ऊब नाही, घाम नाही, तेल नाही. म्हणूनच कागदावरचा वास खरा असूनही अपुरा.

त्या दिवशी काय दिसले ते सांगतो. मातीच्या अत्तराने सुरुवातीलाच आम्हांला जिंकले. भट्टीत भाजलेली माती डेगेत घालून तिची वाफ चंदनात उतरवितात, आणि कोऱ्या माठात पहिले पाणी ओतावे तसा वास येतो. मराठीत याला ‘मृद्गंध’ हा सुरेख शब्द आहे. इंग्रजीला मात्र १९६४ पर्यंत शब्दच नव्हता. त्या वर्षी इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ‘पेट्रिकोर’ हे नाव सुचविले, आणि त्याच लेखात उत्तर प्रदेशातल्या या अत्तराची नोंदही केली. असो. माझ्या मनगटावरचा हा पाऊस साडेबारापर्यंतच टिकला, पुढे नुसते चंदन राहिले. सौ.च्या मनगटावर तो अडीचपर्यंत पडत होता! याचे कारण चमत्कारिक नाही. माझी त्वचा कोरडी, उत्तरेकडच्या वाऱ्याने आणखी वाळलेली. त्यांच्या हातांना सकाळी खोबरेल लागलेले. कोरडी त्वचा अत्तर लवकर शोषते आणि उडवते, स्निग्ध त्वचा धरून ठेवते. अमुक माणसाच्या रक्तात अमुक गुण म्हणून अत्तर बदलते, असे पुष्कळ ऐकू येते. आम्हांला वाटते, त्यातला बराचसा भाग तेल, ऊब आणि घाम एवढ्यांतच उलगडतो.

दोन गुलाबांची गंमत निराळी. स्वस्त गुलाब पहिल्या क्षणी खऱ्यापेक्षा अधिक गुलाबासारखा होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. खरा गुलाब आरंभी किंचित हिरवट, मधासारखा, थोडासा आंबूस वाटला. परंतु अर्ध्या तासाने तो उमलू लागला आणि दुपारी तर त्याने दोनदा रंग पालटला. स्वस्त गुलाब होता तसाच राहिला, फक्त बारीक होत गेला, आणि चारच्या सुमारास त्या जागी साबणासारखा अंधुक वास उरला. कृत्रिम ते सारे टाकाऊ असे आमचे मत नाही. लग्नात दोनशे माणसांच्या हाताला खरे गुलाबअत्तर लावणे सामान्य गृहस्थाला झेपणारे नाही. पण एकाच्या नावावर दुसरे विकले जाऊ नये, आणि ते ओळखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आपला हात आणि पाच तासांचा वेळ.

कनौजची अडचणही इथेच आहे. या अत्तरांचा पाया चंदनाचे तेल. टिपू सुलतानाने १७९२ साली ज्याला राजवृक्ष ठरविले ते झाड आता दुर्मिळ झाले आहे आणि तेलाचा भाव सामान्य कारखानदाराच्या आवाक्याबाहेर गेला आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणी भपक्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिनसारखे वास नसलेले खनिज तेल घालतात. फुलाचा वास तेही घेते. परंतु तळगंध नाहीसा होतो. वरचा मजला तोच, पाया मात्र दुसरा. बडे मियाँनी दोन्ही प्रकारचा वाळा आम्हांला दाखविला आणि कोणता कशावर काढलेला आहे ते न विचारता सांगितले, याबद्दल त्यांचे कौतुक करावेसे वाटते. १९९१ पासून कनौजात केंद्र सरकारचे सुगंध व स्वाद विकास केंद्र आहे. तिथे तेलांची तपासणी होते आणि तरुणांना शिक्षणही मिळते. डेगेचे काम शिकायला मुले येतात का, असे विचारता बडे मियाँनी भट्टीकडे बोट दाखविले. तिथला सर्वांत तरुण कारागीर चाळिशीच्या पुढचा होता.

हे शास्त्र आपल्या भाषेला परके नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाचे एक दुर्मिळ हस्तलिखित अभ्यासिले होते. त्याच्यावर चक्क मराठी टीका आहे, आणि तिचा काळ त्यांनी १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरविला. म्हणजे ज्ञानेश्वरांनंतरच्या तीन शतकांत कोणी मराठी माणूस सुगंधाची मिश्रणे आपल्या बोलीत समजावून सांगत बसला होता!

आता हिन्याविषयी. नाव मेंदीचे असले तरी हे नुसत्या मेंदीच्या फुलांचे अत्तर नव्हे. तिचे ‘गुलहिना’ वेगळे. हिन्यात नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, लवंग, जायफळ आणि आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल असा मोठा परिवार असतो. प्रत्येक घराण्याचे प्रमाण निराळे आणि गुप्त. सकाळी सौ.नी तो हुंगला तेव्हा नाक मुरडले होते. धुरकट, औषधी, वैद्याच्या दुकानासारखा. “हे नव्हे,” त्या पुन्हा म्हणाल्या. दुपारी जेवणानंतर विचारले तेव्हाही मान हलविली. संध्याकाळी आम्ही गंगेवर मेंहदी घाटाला गेलो. नाव ऐकून मी काही थट्टा करणार तोच पाहतो तो त्या कोपराची खळगी नाकाशी धरून स्वस्थ बसलेल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दादांच्या कोटाचा वास.”

माझ्या हातावरचा हिना त्यांनी हुंगून पाहिला. तो तसा नव्हता. त्यात मसाला अजून पुढे होता. तेव्हा उलगडा झाला. वडील सकाळी स्नानानंतर अत्तर लावीत आणि मुलीला ते भेटत संध्याकाळी, कचेरीतून आल्यावर. तिच्या आठवणीतला वास कुपीतला कधी नव्हताच. तो आठ तासांनंतरचा होता, आणि कुठल्याही दुकानात कुपी उघडून तो सापडणे शक्य नव्हते. वडिलांची त्वचा आणि मुलीची त्वचा यांत काही सारखेपणा असेल का, हे मात्र आम्ही ताडून पाहू शकत नाही.

ज्यांना अत्तर पारखावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एका वेळी तीनचारांहून अधिक वास घेऊ नयेत, नाक थकते. थकल्यावर कॉफीचे दाणे हुंगण्याची हल्ली टूम आहे. मोकळ्या हवेपेक्षा त्याचा काही अधिक उपयोग आहे असे आम्हांला दिसले नाही. आपल्याच बाहीचा वास घेतला तरी पुरते. प्रथम अगदी बारीक थेंब लावून पाहावा, कारण नैसर्गिक अत्तरही एखाद्याच्या त्वचेला चुरचुरते. रेशमी वस्त्रावर तर ते लावूच नये, डाग जात नाही.

दिवेलागणीला आम्ही दुकानात परतलो. लग्नासाठी खनिज तेलावर काढलेला वाळा घेतला. तो थंड आहे, वैशाखाला साजतो, आणि दोनशे हातांना पुरतो. चंदनावरचा हिना अर्धा तोळा घेतला. त्याची किंमत वाळ्याच्या सगळ्या बाटलीहून अधिक झाली, पण त्यावर आमच्यात चर्चा झाली नाही. बडे मियाँनी एक जुनी, उंटाच्या कातड्याची कुप्पी दाखविली. पूर्वी तिच्यात भरून अत्तर उन्हात ठेवीत म्हणजे उरलेले पाणी कातड्यातून उडून जाई. आता बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची भांडी आली आहेत. मग त्यांनी हिन्याची इवलीशी काचकुपी कापसात गुंडाळली आणि चिठ्ठीवर उर्दूत नाव लिहिले. सौ.नी ते देवनागरीत लिहावयास सांगितले. त्यांनी चष्मा सावरून सावकाश ‘हिना’ ही दोन अक्षरे काढली आणि खाली, न विचारता, त्या दिवसाची तारीख घातली.