पाचशे चाळीसचा हिशेब

थेरगाव समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे डांगे चौकातल्या टपरीवर चहाचं पाणी १०० अंशांना नव्हे, ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. चहाला त्याचं काही वाटत नाही. मात्र एकदा उकळी फुटली की गॅस कितीही मोठा करा, पाण्याचं तापमान तिथून पुढे सरकत नाही. सगळी आच गिळून पाणी नुसतं वाफ होत राहतं. पवना ओलांडून चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत जिथे जिथे बॉयलर पेटलेला आहे, तिथला सारा व्यवहार या एका हट्टावर चालतो.

हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. लोखंडाचं तेवढंच काम नवव्या हिश्श्यात भागतं. पाणी मुळातच खर्चिक. नळाचं २५ अंशांचं पाणी १०० अंशांवर न्यायला ग्रॅममागे ७५ कॅलरी पुरतात. पण त्याच पाण्याची १०० अंशांवरच वाफ करायची तर आणखी ५४० कॅलरी मोजाव्या लागतात. बर्फ वितळायलाही तापमान न वाढता ८० कॅलरी जातात, पण वाफेपुढे ती रक्कम किरकोळ. रेणूंनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं. त्यांना पुरतं सुटं करण्याची ही किंमत. दहावीच्या पुस्तकात हिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना येणारा हा मुद्दा कारखान्याच्या इंधनबिलात फार मोठा होतो.

ही उष्णता पहिल्यांदा नेमकी मोजली ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा जेम्स वॅट वेगळ्याच वाटेने तिथे पोचला. थोडीशी वाफ थंड पाण्यात सोडली, तर ती स्वतःच्या सहापट वजनाचं पाणी उकळीला आणते, हे पाहून तो चक्रावला. १० अंशांच्या पाण्याला ९० कॅलरी हव्यात, आणि ९० सक ५४०. कोडं ब्लॅकनी उलगडलं. १७६५ मध्ये वॅटला स्वतंत्र कंडेन्सरची, म्हणजे वाफ सिलिंडरबाहेर वेगळ्या भांड्यात थंड करण्याची कल्पना सुचली. वाफेचं इंजिन परवडू लागलं ते त्यानंतर.

वाफेचा खरा गुण असा की घेतलेले ५४० ती जिथे थंडावते तिथे पुरते चुकते करते, तेही एकाच तापमानाला. उकडीचे मोदक याच तत्त्वावर शिजतात. गार पारीला वाफ लागली की तिचं पाणी होतं आणि उष्णता थेट पिठात उतरते. १०० अंशांच्या कोरड्या हवेत तेच मोदक तासभर ठेवले तर फक्त वाळतील. औषधाच्या कारखान्यातही हेच तत्त्व चालतं. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन जिथे आंबवून काढतात तिथली भांडी आधी निर्जंतुक हवीत. दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेला त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात; कोरड्या हवेत तेच काम १६० अंशांवर दोन तास चालतं. ओलाव्याने जंतूंमधली प्रथिनं लवकर मोडतात हेही खरं, पण उष्णता पोचवण्यात वाफेची बरोबरी नाही.

वाफ तयार करणं आणि ती नीट वापरणं ही या पट्ट्याची जुनी विद्या आहे. थरमॅक्सचे बॉयलर चिंचवडमधून नावारूपाला आले, तर कासारवाडीच्या फोर्ब्ज मार्शलने स्टीम ट्रॅप देशभर नेले. ट्रॅप हे मुठीएवढं यंत्र. लाइनमध्ये जमलेलं गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बाहेर जाऊ द्यायचं आणि वाफ अडवायची, एवढंच त्याचं काम. ते बिघडलं की कामगार म्हणतात, “ट्रॅप पास होतोय.” म्हणजे ५४०चा ऐवज काम न करताच बाहेर चालला.

माझ्या मते मात्र मोठी उधळपट्टी कंडेन्सेटची आहे. हे पाणी आधीच शुद्ध केलेलं आणि वर ९० अंशांचं गरम असतं. ते गटारात सोडून बॉयलरला २५ अंशांचं पाणी पाजलं, तर किलोमागे ६५ किलोकॅलरी नव्याने जाळाव्या लागतात. सात बार दाबाची वाफ करायला त्या पाण्यापासून एकूण ६३६ लागतात. म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा इंधन! उलटीकडून पाहिलं तर फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, सहा अंशांनी गरम झालं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं. शिवाय हे पाणी पवनेचं असतं. तिच्यावर शहराची तहानही आहे आणि एमआयडीसीचीही.

कारखान्यातला कूलिंग टॉवर अप्रकट उष्म्याची हीच नाणी उलट्या हाताने मोजतो. थोडं पाणी उडून जातं आणि जाताना बाकीच्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये घरचा कूलर छान चालतो आणि जुलैत नुसती दमट हवा फेकतो, कारण तेव्हा हवेत आणखी बाष्प घ्यायला फारशी जागा उरलेली नसते.

एक गोष्ट घरच्यांसाठी. उकळतं पाणी अंगावर सांडलं तर त्याचा एक ग्रॅम त्वचेच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ६५ कॅलरी देतो. एक ग्रॅम वाफ आधी ५४० देते आणि मग वर ते ६५. कुकरचं झाकण घाईने उघडणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. भाजलंच तर ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरावी. बर्फ लावू नये, टूथपेस्ट तर नाहीच.

आणि ज्यांच्या शेडमागे गटारातून वाफा निघतात, त्या उद्योजकांना एक विनंती. नवा बॉयलर घेण्याआधी कंडेन्सेटची पाइपलाइन परत फीड टँकपर्यंत आणा आणि एकदा सगळे ट्रॅप तपासून घ्या.