जामसांवलीचे दोन इवलेसे जीव

नागपूरहून सौसरच्या रस्त्याने जामसांवली सत्तर किलोमीटरच्या आत. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पत्ता बदलला. बोली मात्र तीच, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला चैत्रात ही गर्दी! दर्शन आटोपून मी मामांच्या संत्र्याच्या बगिच्यात दोन दिवस राहिलो.

बांधावर आजीने लावलेला आंबा आहे. त्यावर बांडगूळ माजलेले, आणि त्यात ‘चिक्-चिक्’ करणारा फुलटोच्या. जेमतेम आठ सेंटिमीटर लांब, वजन सहा ग्रॅमच्या आसपास, रंग मातकट. शिंजिराचा थाट नाही. आवाज आला नसता तर दिसलाही नसता. बांडगुळाचे फळ गिळतो, गर पचवतो आणि चिकट बी फांदीला पुसून मोकळा होतो. तिथेच नवे बांडगूळ रुजते.

“पाहून घे बाप्पा, पण आंब्याचा चोर हाच,” मामा म्हणाले. दोन फांद्या त्यांनी आधीच तोडल्या होत्या.

रात्री धान्याच्या खोलीत चिचुंद्री निघाली. मामी उंदराचे औषध शोधू लागल्या. म्हटले, मामी, हा उंदीर नव्हेच. वास मारते खरी, पण झुरळे आणि किडे खाते. पिल्ले एकमेकांचे शेपटाकडचे टोक तोंडात धरून आईमागे आगगाडीसारखी चालतात, हे ऐकून त्या हसल्या. औषधाची पुडी फळीवरच राहिली.

हिच्याच कुळातली एट्रस्कन चिचुंद्री भारतातही आहे. वजन सुमारे १.८ ग्रॅम; वजनाने जगातला सर्वांत हलका सस्तन प्राणी. एका फुलटोच्याच्या वजनात तिघी मावतील! इतक्या लहान अंगातली ऊब झपाट्याने उडून जाते, म्हणून दोघांनाही पोटामागे धावावे लागते. पण पाखराला पंख आहेत, डोळे आहेत, पिकले फळ लांबून दिसते. ही अंधारात मिशांनी चाचपत शिकार धरते आणि दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट खाते. मला विचाराल तर कष्ट हिचेच जास्त, आणि कौतुक नेहमी पाखराचे.

सकाळी मामा कुऱ्हाड घेऊन तिसऱ्या फांदीपाशी गेले. तिथे बटव्यासारखे घरटे लोंबकळत होते, आत चोची वासलेल्या. मामा बराच वेळ वर बघत राहिले.

“उडू दे पोरं. मग तोडू.”

तेवढ्यात आईबापांपैकी एकाने बाजूच्या फांदीला आणखी एक बी पुसले.