वृक्ष पाहून वेल

वेलगुलाबाची निवड फुलाचे चित्र पाहून करावयाची नसते. तो ज्या झाडावर चढावयाचा, त्या झाडाची ताकद पाहून करावयाची असते. ही गोष्ट आम्हा उभयतांना इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशायर परगण्यात, धाकट्या बहिणीच्या परसात उमगली. आमच्या मेहुण्यांनी जिवापाड जपलेले सफरचंदाचे जुने झाड तेथे उभे आहे. मेहुणे गेले आणि झाडाचे फळणेही ओसरत गेले. शेजाऱ्यांनी ते तोडण्याचा सल्ला दिला. बहिणीने मात्र त्याच्यावर गुलाब चढविण्याचे ठरविले.

तिचे मन ‘किफ्ट्सगेट’ जातीवर जडले होते. त्याच परगण्यातील किफ्ट्सगेट कोर्ट या बागेत हेदर म्यूर यांनी १९३८ साली आणलेला मूळ वेल ताम्रवर्णी बीच वृक्षावर सुमारे ५० फूट उंच चढत गेला. जुलैमध्ये येणारे त्याचे पांढरे घोस पाहून कोणीही मोहून जावे! परंतु गुलाबाला काकडीच्या वेलासारखे तणावे नसतात. मागे वळलेल्या काट्यांनी फांद्यांना धरून तो वर सरकतो आणि आपला सारा भार झाडावर टाकतो. पावसाने भिजलेला एवढा पसारा वादळात हेलकावू लागला, तर पोकळ झालेले सफरचंद कसे तग धरणार? ज्या झाडाची आठवण जपावयाची, तेच आडवे व्हावयाचे.

“दादा, मग ह्यांच्या झाडाला पेलेल असा सांगा,” बहीण म्हणाली.

अखेर ‘फेलिसिते पेर्पेत्यू’ हा वेल ठरला. तो सुमारे १५ फूट वाढतो, थोडी सावली सोसतो आणि सौम्य हिवाळ्यात बरीचशी पानेही टिकवितो. गुलाबी कळ्यांतून दुधाळ पांढऱ्या, गच्च पाकळ्यांच्या लहान फुलांचे झुबके उमलतात. मात्र वर्षातून एकदाच. १८२० च्या दशकात फ्रान्समधील झाक नावाच्या माळ्याने तो तयार केला व आपल्या दोन मुलींची नावे त्यास दिली, असे सांगतात. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे रक्तसाक्षी झालेल्या संत पेर्पेतुआ व संत फेलिसिता यांचीच ती नावे. दोघीही तरुण माता. एक कुलीन, दुसरी दासी. बहिणीला हे ठाऊक नव्हते. ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली.

लागवड नोव्हेंबरमध्ये केली. बुंध्याशी माती कोरडी व मुळांनी भरलेली असते. म्हणून खड्डा चार फूट दूर, वारा येतो त्या बाजूस घेतला. वाऱ्याने कोवळ्या फांद्या आपोआप झाडाकडे ढकलल्या जातात. भरपूर कुजलेले शेणखत घातले. पहिल्या दुबेळक्यापर्यंत एक दोर सैल बांधून दिला; तो बुंध्यात रुतू नये म्हणून दरवर्षी सोडून पुन्हा बांधावयाचा आहे. दोन उन्हाळे पाणी द्यावयाचे, आणि छाटणीची कात्री शक्यतो दूर ठेवावयाची, कारण फुले जुन्या फांद्यांवरच येतात.

पहिल्या उन्हाळ्यात फूल येण्याची आशा थोडीच. बहीण मात्र रोज सकाळी झारी घेऊन झाडापाशी जाते, असे तिच्या पत्रावरून कळते.