काचेआडचे डोळे

मोटारीलाही मनुष्यासारखा चेहरा असतो, हे आम्हांला प्रथम एका खेळण्याने शिकविले. 1965 सालच्या उन्हाळ्यात आमचे मामा मुंबईहून बेळगावास आले. ते तेथील गोदीत कारकून होते. त्यांच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तांबडी मोटार निघाली. कोणा खलाशाने त्यांना ती दिली होती. वीतभरही लांब नसेल, पण आमचा थोरला भाऊ दादा आणि आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. त्या काळी गावात ज्या मोटारी दिसत त्या बहुतेक उंच, पोटाळ आणि गृहस्थाश्रमी थाटाच्या. ही त्यांच्या जातीचीच नव्हे. नाक लांबच लांब. मागचा भाग आखडलेला. तोंड लहान आणि लंबगोल, जणू शीळ घालण्यासाठी ओठ मुरडलेले. आणि दोन्ही डोळे पारदर्शक आच्छादनाखाली, बॉनेटच्या उतारात विरघळून गेलेले. पोटाखाली नाव होते: जग्वार ई-टाइप. जग्वार म्हणजे दक्षिण अमेरिकेतील, बिबट्याच्या कुळातील एक श्वापद, ही माहिती दादाने भूगोलाच्या मास्तरांकडून आणली. त्या दिवसापासून त्या काचांमागे आम्हांला दबा धरून बसलेले जनावर दिसू लागले.

खऱ्या मोटारीची हकीकत पुढे कितीतरी वर्षांनी वाचावयास मिळाली. ती 1961 सालच्या मार्च महिन्यात जिनीव्हा येथे प्रथम लोकांसमोर आली. कॉव्हेंट्रीच्या जग्वार कारखान्याचे धनी सर विल्यम लायन्स यांनी ती स्वतः उभे राहून दाखविली. पाहणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की, लोकांना फेरी मारून आणावयास एक मोटार पुरेना. तेव्हा नॉर्मन ड्युइस नावाच्या कारखान्याच्या चालकाला दुसरी मोटार रातोरात हाकीत इंग्लंडहून जिनीव्हा गाठावे लागले. किंमत सुमारे दोन हजार पौंड, आणि वेग ताशी 150 मैल, म्हणजे जवळजवळ 240 किलोमीटर, असा कारखान्याचा दावा.

या देहाचा कर्ता माल्कम सेयर हा चित्रकारही नव्हता आणि शिल्पकारही नव्हता. विमानांच्या कारखान्यात काम करून आलेला तो वायुगतीचा जाणकार. डोळ्यांना बरे दिसते म्हणून वळण काढावयाचे, ही रीत त्याला मान्य नव्हती. प्रत्येक वक्ररेषा तो गणिताने, स्लाइड रूल आणि लॉगरिदमची कोष्टके जवळ घेऊन बसवीत असे. लॉगटेबल उघडताच ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात त्या विद्यार्थिमित्रांनी हे ध्यानात घ्यावे. (आमच्याही पडत असत.) दिव्यांवरची ती तिरपी काचसुद्धा नटवेपणासाठी नव्हती. वारा कोठे अडू नये, नाकावरून निसटून सरळ मागे जावा, एवढ्याचसाठी ती होती.

ही रूपवती गुणांनी मात्र परिपूर्ण नव्हती. पहिल्या मोटारींचे ब्रेक तिच्या वेगाला शोभतील असे नव्हते. पहिला गिअर टाकताना करकर होई. बसण्याच्या जागा अवघडलेल्या. आणि पायांखालची जमीन इतकी सपाट की, उंच माणसाला आपले गुडघे कोठे ठेवावेत असा प्रश्न पडे. 1962 साली ती जमीन खोल करण्यात आली. 1964 साली 4.2 लिटरचे नवे इंजिन, नवा गिअरबॉक्स आणि बऱ्या बैठका आल्या. पोटात एवढी उलथापालथ झाली, पण मुखडा तोच राहिला आणि कोणी ब्र काढला नाही. उलट वाहवा झाली.

मग 1967 साली काचा गेल्या.

कारण अमेरिकेत होते. या मोटारींचे बरेचसे गिऱ्हाईक तिकडचे. 1965 साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींमुळे होणाऱ्या मृत्यूंवर एक खरमरीत पुस्तक लिहिले; 1966 च्या सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली; आणि 1968 च्या 1 जानेवारीपासून त्याखालील पहिले नियम अमलात यावयाचे होते. दिव्यासमोर काचेचे झाकण या नियमांत बसेना. तिरप्या काचेवर पडलेल्या उजेडाचा काही भाग परावर्तित होऊन वाया जातो, हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहेच. शिवाय बाहेरून धूळ बसे आणि आतून दव धरे. कारखान्याने आधी नुसत्या काचा काढल्या. मग 1968 साली मुखड्याचीच डागडुजी केली: दिवे खोबणीतून थोडे पुढे आणले, थंड हवेसाठी तोंड मोठे केले, बंपर जाड केला, मागचे-पुढचे लहान दिवे वाढवून बंपरखाली नेले. चाकाच्या मधोमध दोन कानांचा जो चकचकीत नट असे, त्याचे कानही गेले, कारण पायी चालणाऱ्याला त्यांच्यापासून इजा होण्याचे भय. अपघातात अंगात रुतू नयेत म्हणून आतली वर उचललेली बटणे जाऊन सपाट बटणे आली. हीच ती दुसरी मालिका.

मोटारींच्या शौकिनांनी हे जे मनाला लावून घेतले ते आजतागायत. काचा काढलेल्या, पण बाकी जुन्याच असलेल्या अधल्यामधल्या मोटारींना त्यांनी ‘दीड’ असे नाव ठेवले. कारखान्याच्या दप्तरी असे नाव मुळी नव्हतेच. मराठीत ‘दीड’ हा शब्द शहाणपणाला जोडला म्हणजे काय अर्थ होतो हे सांगावयास नको, आणि शौकिनांच्या मनात त्या मोटारीविषयी काहीसा तोच भाव असावा. दुसऱ्या मालिकेचे तोंड त्यांना वासलेले दिसते, डोळे बटबटीत वाटतात. तिचे ब्रेक अधिक चांगले, इंजिन थंड ठेवावयास विजेचे दोन पंखे. ही गोष्ट ते नाकारीत नाहीत, फक्त तिच्याकडे पाहत नाहीत. आणि गंमत अशी की, ज्या सपाट जमिनीवर गुडघे अवघडत, ती जमीन आणि बॉनेटचे कुलूप बाहेरून असलेल्या पहिल्या सुमारे 500 मोटारींसाठी हेच लोक सर्वांत जास्त पैसे मोजतात. दुसऱ्या मालिकेचे काही मालक तर नव्या नाकावर पुन्हा जुन्या धर्तीच्या काचा बसवून घेतात. तसा सामानाचा संचच विकत मिळतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने 1996 साली आपल्या कायम संग्रहात एक ई-टाइप ठेवली, तीही काचेआडच्या डोळ्यांचीच. तिला रात्रीच्या रस्त्यावर जावयाचे नाही, तेव्हा उजेडाची अडचण नाही.

हे सर्व आम्ही तटस्थपणे लिहीत आहो असे कोणी समजू नये. 2018 सालच्या हिवाळ्यात आम्ही मुंबईस दादाकडे गेलो होतो. एका रविवारी जुन्या मोटारींचा मेळावा होता, तेथे आम्ही दोघे गेलो. दादा काठी टेकीत पुढे. ओळीच्या शेवटी एक ई-टाइप उभी होती, आमच्या खेळण्याच्याच तांबड्या रंगाची. पन्नास वर्षांहून अधिक काळ जिची वाट पाहिली ती समोर उभी; आणि जवळ जाताच आमच्या दोघांच्याही पोटात धस्स झाले. ओळखीच्या माणसाने गळामिठीसाठी हात पसरावेत आणि तो दुसराच कोणी निघावा, तसे.

“ही ती नव्हे,” दादा म्हणाला.

शेजारी चार-पाच शौकीन उभे होते. “सीरिज टू आहे, आजोबा,” त्यांतला एक तरुण सहानुभूतीने म्हणाला. दुसऱ्याने अमेरिकन कायद्याला शेलक्या शब्दांत नावे ठेवली. तिसरा म्हणाला की, सेयर स्वतः असता तर त्याने असे होऊ दिले नसते. (सेयर 1970 साली वारला, बदल झाला तेव्हा तो कारखान्यातच होता. पण अशा वेळी तारखा सांगणारा मनुष्य कोणाला आवडत नाही, म्हणून आम्ही गप्प बसलो.) चौथा म्हणाला, “काही म्हणा, 2008 साली टाटांनी कारखाना घेतला, आता ती आपलीच की!” मालक बिचारा हातात फडके घेऊन हे सारे ऐकत होता. लग्नाच्या मांडवात मुलीच्या रंगरूपाविषयी चार परकी माणसे बोलू लागली म्हणजे बापाची जी मुद्रा होते ती त्याची झाली होती. आम्हीही त्या चौघांच्या बाजूचे होतो. काचा हव्या होत्या, हे आमचे ठाम मत झाले होते.

तेवढ्यात आमचे लक्ष दादाच्या काठीकडे गेले.

1970 सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. दादा सतरा वर्षांचा होता. तिन्हीसांजेला पावसात खानापूर रस्त्याने सायकलवरून घरी येत असता मागून आलेल्या एका टॅक्सीने त्याला उडविले. टॅक्सीवाला माणूस वाईट नव्हता. त्यानेच दादाला उचलून इस्पितळात नेले आणि तेथे आमच्या वडिलांचे पाय धरून तो रडत होता: “दिसलाच नाही हो, दिसलाच नाही.” दुसऱ्या दिवशी वडील ती टॅक्सी पाहून आले. दोन्ही दिव्यांच्या काचांवर चिखलाचा थर होता. दिवे चालू होते, पण उजेड काचेच्या बाहेर पडत नव्हता.

दादा तीन महिने प्लास्टरमध्ये होता, आणि उजवा गुडघा पुढे कधीच पुरता वाकला नाही. सैन्यात जावयाचे त्याच्या मनात होते, ते गेले. तो बँकेत लागला, संसार केला, कुरकुर केली नाही. त्या तीन महिन्यांत खेळण्यातल्या ई-टाइपची एका बाजूची काच कोठेतरी हरवली, तेव्हा दादाने फोटोवाल्याकडून फिल्मचा जुना तुकडा मागविला, तो गरम पाण्यात घासून पारदर्शक केला आणि कात्रीने बरोबर बेतून त्या डोळ्यावर चिकटविला. अंथरुणावर पडून तो मोटार उजेडाकडे धरी आणि त्या काचांतून आत पाही. पुढे अनेक वर्षांनी अमेरिकन कायद्याचा इतिहास आम्ही वाचला, तेव्हा आम्हांला टॅक्सीचे ते दिवे आठवावयास हवे होते. आठवले नाहीत. मेळाव्यात, काठी पाहून आठवले.

आम्ही दादाला तसे म्हणालो नाही. काय म्हणावयाचे? ज्या काचा गेल्या म्हणून आपण हळहळतो, त्या तुझ्यासारख्यांचे पाय वाचावेत म्हणून गेल्या, असे? त्याला ते आमच्यापेक्षा आधी कळले असणार.

मालकाने मात्र दादाची काठी आणि दादाची नजर, दोन्ही पाहिली होती. “बसून पाहता का आत?” तो म्हणाला. ते सोपे काम नव्हते. या मोटारीचा उंबरा उंच, दार लहान, बैठक जमिनीलगत. आम्ही एका बाजूने, मालकाने दुसऱ्या बाजूने धरले, आणि दादा पाठमोरा होऊन हळूहळू आत उतरला. न वाकणारा पाय शेवटी आत घेतला. त्या खोल केलेल्या जमिनीत तो लांबच लांब सरळ गेला आणि अगदी सुखाने विसावला. दादाने सुकाणूवर दोन्ही हात ठेवले. मघाचे चौघे शौकीनही आता गप्प होते.

दिवस मावळत आला होता. मालकाने खिडकीतून हात घालून एक बटण दाबले आणि दिवे लागले. आम्ही समोरच उभे होतो. तो झोत असा सरळ डोळ्यांवर आला की, आम्हांला हात आडवा धरून बाजूस व्हावे लागले.

“कसे दिसते रे समोरून?” दादाने आतून विचारले.

“लख्ख दिसते,” आम्ही म्हणालो.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण काच हवी होती.”

2024 सालच्या नोव्हेंबरात जग्वारने आपले बोधचिन्ह बदलले, आणि डिसेंबरात मायामीस एक भलतीच चौकोनी, आडदांड नमुना-मोटार दाखविली. जगभर गहजब उडाला. त्या रात्री दादाचा फोन आला. अर्धा तास तो नव्या मुखड्याला नावे ठेवीत होता, आणि आम्ही एकूण एक गोष्टीला रुकार देत होतो.