सोनसाखळी, सौकारपेट आणि पत्ता

चेन्नईत साखळीचोरी झाली की सौकारपेटच्या गलाईवाल्यांच्या पोटात गोळा येतो. खानापूर, आटपाडी, तासगावकडची आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या गल्ल्यांत सोनं गाळत आली आहेत. चोरीचं सोनं शेवटी कुणाच्या तरी मुशीत वितळतं, म्हणून तपास आमच्या दारी येणारच. चोरीचा माल घेतल्याचं जुनं कलम ४११, आता न्याय संहितेतलं ३१७, इथल्या नवख्या पोरालाही पाठ असतं.

२५ मार्च २०२५ ला सकाळी तासाभरात सैदापेट, तिरुवान्मियूर, गिंडी अशा दक्षिण चेन्नईच्या भागांत सहा साखळ्या ओढल्या गेल्या. दोघे संशयित विमानतळावरच सापडले. त्यातला एक दुसऱ्या दिवशी पहाटे तरमणीत पोलिसांच्या गोळीने मेला. तो कल्याणजवळच्या अंबिवलीचा, म्हणजे आमच्याच महाराष्ट्रातला. त्या दिवसांत ‘ऊर, म्हणजे गाव, कुठलं?’ या प्रश्नाला उत्तर देताना जीभ जड व्हायची. २०१२ साली वेलाचेरीत बँक दरोड्याचे पाच संशयित असेच मारले गेले. ते बिहारकडचे असल्याचं सांगण्यात आलं, आणि मग शहरभर भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचा हुकूम निघाला. मुंबईत परप्रांतीय म्हटलं की कुणाबद्दल बोलतात, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे ते आम्ही आहोत. साखळी ओढली गेलेल्या बाईचं दुःख खरंच आहे, पण कोर्टात उभं राहण्याआधी माणूस मेला की तिला न्याय मिळाला असं मला वाटत नाही.

आकडेवारी पाहून शहर ओळखू नये, हेही इथेच कळलं. २०२० मध्ये तमिळनाडूतल्या गुन्ह्यांचे आकडे एकदम फुगले. खून-दरोडे वाढले नव्हते. टाळेबंदी मोडणाऱ्यांवर कलम १८८ खाली खटले भरले होते, तेच बेरजेत आले. उलट ५ जुलै २०२४ ला पेरांबूरमध्ये बसपाचे प्रदेशाध्यक्ष आर्मस्ट्राँग यांचा घराजवळच खून झाला. आकड्यात ती एक नोंद, पण त्याने उत्तर चेन्नई हादरली आणि तीन दिवसांत पोलीस आयुक्त बदलले.

अशा बातम्यांपेक्षा मला जास्त काळजी दारूची वाटते. २००३ पासून इथे किरकोळ दारूविक्री सरकारच्याच ‘टास्माक’कडे आहे. दुपारी बाराला दुकान उघडतं आणि त्याआधीच दारात माणसं उभी असतात. २०२३-२४ मध्ये त्यातून सरकारला ४५ हजार कोटींच्या वर महसूल मिळाला. ज्यांना ती बाटलीही परवडत नाही ते हातभट्टीकडे वळतात. जून २०२४ मध्ये कळ्ळकुरिचीत मिथेनॉलने साठाहून अधिक जीव घेतले. आमच्या सोन्याच्या भट्टीवरच्या दोन-तीन कामगारांच्या घरी पगाराच्या रात्री काय चालतं ते त्यांच्या बायका येऊन सांगतात. ते कुठल्याच ठाण्यात नोंदलं जात नाही.

आणि दुसरी काळजी कण्णगीनगरची. २००० सालापासून कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठची झोपडपट्टी उठवून माणसं शहराबाहेर, जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगत नेली. पंधरा हजारांवर घरं बांधली. पण बायकांची धुण्याभांड्यांची कामं आणि पोरांच्या शाळा मागे राहिल्या. पहाटे बस पकडून जुन्या वस्तीत कामाला जायचं, रात्री परत यायचं. दिवसभर घरात मोठं माणूस नाही, जवळ रोजगार नाही. अशा ठिकाणी सोळा-सतरा वर्षांची मुलं एखाद्या रौडीच्या, म्हणजे गुंडाच्या, मागे लागली तर नवल नाही. मग वस्तीचंच नाव खराब होतं. पत्ता ऐकून नोकरी नाकारली जाते, म्हणून पोरं पत्ता लपवतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे कामाला आलेल्या पोराने मावशीचा रायपुरमचा पत्ता लिहून दिला. राहायला कण्णगीनगरात होता. मी त्याला खरा पत्ता लिहायला लावला आणि कामावर ठेवला. शेजारचे दोघे-तिघे अजून विचारतात की सोन्याच्या दुकानात त्या वस्तीतला कशाला. मी त्यांना विचारतो, अंबिवलीची बातमी आली तेव्हा आपल्याला कुणी हेच विचारलं असतं तर?